उकंड्यावरचा पहिला दिवा

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घरात भांडण नको, असं सोनाबाईंनी सकाळी उठल्या उठल्या सगळ्यांना बजावलं आणि दुपारी शेवेचा घाणा तळता तळता पहिलं भांडण त्यांनीच काढलं.

“मीनल, तुह्या सासऱ्याले सांग,” झाऱ्यावरचं तेल निथळत त्या म्हणाल्या, “देऊन टाका म्हणा थे खदान. दगडाच्या खड्ड्याचं काय लोणचं घालाचं हाय?”

सासरे, म्हणजे बापूजी, चार हातांवर ओसरीत वाती वळत बसले होते आणि कानही त्यांचे चांगले शाबूत होते. पण नवराबायकोचं सकाळपासून बोलणं बंद होतं. अशा वेळी या घरात निरोप थोरल्या सुनेमार्फत जात. थोरली काय आणि धाकटी काय, सून एकच होती, त्यामुळे मीनलची सुटका नव्हती.

“मामाजी, आत्याबाई म्हणतात…”

“ऐकलं,” बापूजी म्हणाले आणि पुढची वात वळायला घेतली.

हेच तर मीनलला खात होतं. बापूजी हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. उद्या पाडव्याला सकाळी कचऱ्याचा ठेकेदार मिठाईचा डबा घेऊन येणार होता. बापूजींनी मान हलवली की आदिलाबादचा सगळा कचरा, ओला-सुका एकत्र, त्यांच्या शेताच्या वरच्या अंगाला असलेल्या जुन्या मुरमाच्या खदानीत पडायला लागणार होता. आणि खदानीच्या बरोबर खाली, उताराला, विहीर होती. घर त्या विहिरीचं पाणी पीत होतं. बैल पीत होते. मीनलची वांगी, मेथी, पालक, सगळं त्याच पाण्यावर. शेतकऱ्यांच्या रयतू बाजारात बायका तिच्या वांग्यांसाठी थांबून राहत, ‘तलमडुगूच्या रस्त्याची वांगी आली का’ म्हणून विचारत. भैंशासारख्या कापसाच्या गावातून आलेली ही पोर वांग्याचं रोप ओळखायलाही इथंच शिकली होती. आता तिला ती वांगी पोटच्या लेकरासारखी वाटत.

“बाप्पा, तुमी दोघी काय बाबाले तळून राह्यल्या?” ट्रॅक्टर धुऊन पंकज आत आला. हात पुसता पुसता त्यानं शेवेचा चुरा तोंडात टाकला. “बाबा, मी सांगतो तुमाले सरळ. आज गावाचा कचरा कुठं जाते? पार लांबच्या यार्डात. जाता-येता अर्धा दिवस मोडते, डिझेल जळते. ज्याच्याच्यानं होत नाई थो रस्त्याच्या कडेले टाकते अन् आगपेटी लावते. त्याचा धूर कोन खाते? आपूनच न? खदान जवळ हाय. बल्दियाचा खर्च निम्म्यावर येते, गाव साफ होते, आपल्याले भाडं भेटते. वाईट काय हाय याच्यात?”

नगरपालिकेला या घरात अजून बल्दियाच म्हणत, निजामाच्या काळापासून. आणि पंकजचा ट्रॅक्टर बल्दियाच्या कचऱ्यावरच भाड्यानं लागलेला होता, तेव्हा तो बोलत होता ते हवेतलं नव्हतं. मीनलची खरी पंचाईत तीच होती. खोटं बोलणाऱ्या नवऱ्याशी भांडायला काय लागतं? पंकज खरं बोलत होता.

“अन् पावसाळ्यात त्या खदानीतलं पानी कुठं जाईन?” तिनं विचारलं.

“ठेकेदार म्हणते खाली ताडपत्री अंथरतो.”

“ताडपत्री! तुमच्या बहिणीच्या लग्नाच्या मांडवावरची ताडपत्री एका वळवाच्या पावसात फाटली होती. आठवते? नवरदेवाच्या डोक्यावरच सारं पानी.”

ज्या बहिणीचं ते लग्न, ती चंचल मागच्या दारात बसून रांगोळीचे रंग कालवत होती. दिवाळीला ती भैंशाहून आली होती. मीनलच्या माहेरच्या गल्लीतच तिला दिलेली, त्यामुळे दोघींचं एरवी चांगलं मेतकूट. पण खदानीच्या बाबतीत ती भावाच्या बाजूनं होती.

“वहिनी, माह्या लग्नाले मधात आणू नका,” ती म्हणाली. “अन् तुमीच सांगा मंग, गावाचा कचरा टाकाचा कुठं? तुमच्या डोक्यावर? खदानीत नको, यार्ड महाग पडते, जाळाचा नाई. मंग काय लोकायनं कचरा कराचाच बंद करावं?”

या प्रश्नाशी मीनल आदल्या रात्रीपासून झटत होती.

“अलग अलग उचलाचा,” ती शेवटी म्हणाली. “ओला निराळा, सुका निराळा.”

पंकज हसला. “थो भोंगा रोज सकाळी तेच बोंबलते न गाडीवर. तडि चेत्ता, पोडि चेत्ता. तेलुगूत सांगा का मराठीत, लोकं एकाच प्लॅस्टिकच्या पन्नीत शिळी भाजी बांधते, त्याच्यातच शांपूच्या पुड्या. अलग उचलाचं म्हणजे गाड्या दुप्पट, माणसं दुप्पट. बल्दियाच्या ऑफिसात नागसेनले विचार, माह्यासोबत शिकलेला हाय, खोटं नाई सांगणार थो. म्हणते पैसाच नाई बल्दियाजवळ.”

“झालं?” सोनाबाई म्हणाल्या. “मीनल, सांग तुह्या सासऱ्याले…”

“दिवे लावाची वेळ झाली,” बापूजी उठले. “मीनल, तेल घाल बाई दिव्यात.”

आता या घराण्याचा दिव्याचा जो दस्तूर, तो पंचक्रोशीत कुठं नाही. लोकांकडं लक्ष्मीपूजनाचा पहिला दिवा देवापुढं, नाहीतर तुळशीपुढं. उकंड्यावर, म्हणजे शेणखताच्या ढिगावर, दिवा सगळेच शेतकरी ठेवतात, पण तो आपला शेवटचा, उरल्या तेलाचा. इथं पहिला दिवा उकंड्याचा. हा दस्तूर बापूजींच्या वडिलांनी, देवाजींनी घातलेला. देवाजींना ही जमीन मिळाली तेव्हा तीत मुरूम सोडून काही नव्हतं. गावातला बाजार उठला की देवाजी बैलगाडी घेऊन जात आणि सडकी पानं, उसाची चिपाडं, केळीचे खांब, जे झाडून निघेल ते गोळा करून आणत. गाव त्यांना कचरेवाला म्हणून हसलं. देवाजी उकंडा रचत राहिले, दर उन्हाळ्यात जमिनीत खत ओतत राहिले आणि म्हातारपणी त्या मुरमातून काळी माती त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. ‘ही जमीन माह्या बापानं घेतली नाई, उकंड्यातून काढली,’ असं बापूजी दर दिवाळीला सांगत.

मीनल लग्न होऊन आली त्या पहिल्या दिवाळीला तिनं भैंशाला आईला फोन करून रडून सांगितलं होतं, ‘आई, हे लोक कचऱ्याची पूजा करून राह्यले व.’ आता तीच पुरणाच्या वासाच्या हातांनी दिव्यात तेल घालत होती आणि तेल बाहेर सांडू नये म्हणून जपत होती.

सगळे गोठ्यामागं गेले. दिवस बुडाला होता, पण उजेड होता. उकंडा यंदा चांगलाच वाढलेला दिसला. दोन बैल आणि एका गायीच्या शेणाच्या मानानं जरा जास्तच, असं मीनलला मागंही एकदोनदा वाटलं होतं. पण वाढला तर वाढला, खतच आहे, म्हणून तिनं सोडून दिलं होतं. वरून बापूजींनी सकाळीच गवत आणि पालापाचोळा पसरून ढीग सारखा केला होता.

बापूजींनी माथ्यावर दिवा ठेवला, हळदीकुंकू वाहिलं आणि हात जोडले.

“तुह्या जिवावर आमी हाओत, माय,” ते नेहमीचंच म्हणाले. “तुह्यात काय बी टाकलं तरी तू आमाले अन्नच देल्लं. अशीच राह्य.”

मग सगळे वळले. उकंड्यावर दिवा ठेवला की मागं पाहायचं नाही, हाही दस्तूरच. म्हणून कोणी पाहिलं नाही. तुळशीपुढं दिवे लागले, विहिरीवर लागले, पंकजच्या ट्रॅक्टरच्या बोनेटवरही एक लागला. सोनाबाई लक्ष्मीपुढं लाह्याबत्तासे मांडायला बसल्या. तेवढ्यात मागच्या फाटकातून आरोळी आली.

“अवो माय! बापूजी! धावा वो! गोठ्याले आग लागली!”

सोजरबाईचा आवाज होता. सोजरबाई बल्दियाची सफाई कामगार, पंकजची ट्रॉली तीच भरायची. दरवर्षी या वेळेला फराळाचा डबा न्यायला मागच्या फाटकानं येई.

मीनल धावली तेव्हा गोठा पेटला नव्हता, उकंडा पेटला होता. पण कडब्याची गंजी दोन हातांवर होती आणि तिच्या पलीकडं गोठ्याचं छप्पर. उकंडा धुमसतो, हे तिला माहीत होतं. उकंडा असा पेटताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. ज्वाळा पिवळ्या, धूर काळाकुट्ट, आणि वास असा की घशात जाऊन बसला. ढिगातून पेटलेले थेंब टपटप खाली पडत होते.

सोजरबाईनं आपला रिकामा डबा फेकून दिला होता आणि खालच्या खड्ड्यातलं ओलं शेण घमेल्यानं उचलून ती आगीवर टाकत होती. एकटी.

“बैल सोडा! बैल सोडा आंधी!” ती ओरडली.

मीनलनं बैल सोडले. गाय दाव्याला हिसके देत होती, तिचं दावं सुटेना, तेव्हा मीनलनं ते विळ्यानं कापलं. पंकज मोटर चालू करायला पळाला. चंचल पैठणी नेसून होती, तशीच पदर खोचून घमेली वाहायला लागली. सोनाबाईंनी अंगण सारवायला कालवलेल्या शेणाची अख्खी बादली, गुडघ्यांची कुरकूर विसरून, गंजीच्या कडेला नेऊन ओतली. बापूजी काठी टाकून दोन्ही हातांनी माती ओढत होते आणि म्हणत होते, “गंजी सांभाळा, गंजी सांभाळा.” पंकज पाइप घेऊन आला तोवर गंजीची एक कड होरपळली होती. त्यानं आधी गंजी भिजवली, मग उकंडा.

आग विझली. कोणाला काही झालं नाही, जनावरं वाचली. सगळे जिथं होते तिथंच मातीत बसले. चंचलच्या पैठणीचं सांगायला नको.

“तुह्या हाताले काय झालं?” मीनलनं सोजरबाईचं मनगट धरलं. वितळलेल्या प्लॅस्टिकचा थेंब कातडीला चिकटून बसला होता.

“काई नाई, भाजलं जरासं.”

बापूजींनी काठी उचलली आणि ढीग उकरला. वरचं गवत, पाला निघाला. त्याखाली काळ्या पडलेल्या पन्न्या निघाल्या, चिप्सच्या पुड्या, थर्माकोलच्या पत्रावळी, लेकरांचे प्लॅस्टिकचे लंगोट. बापूजी उकरत राहिले, ते निघतच राहिलं.

“हे आपल्या घरचं नाई,” ते म्हणाले. “मीनल, आपल्या घरचं हाय का हे?”

“नाई, मामाजी.”

सोजरबाईनं मान खाली घातली. ट्रॉली तीच भरत होती, ट्रॉलीत काय असतं हे तिला ओळखू येणारच. मीनलनं ते पाहिलं आणि मग नवऱ्याकडं पाहिलं.

“मी टाकलं, बाबा,” पंकज म्हणाला. पाइप त्याच्या हातात तसाच वाहत होता. “पोळ्यापासून. शेवटची खेप लांब न्याची म्हणजे डिझेल जाते, रात होते. वाटलं, उकंडाच त हाय. कुजून जाईन. वरून शेण टाकत होतो.”

मीनलला वाटलं, आता बापूजींची काठी याच्या पाठीत बसणार. बसली असती तर तिला वाईटही वाटलं नसतं. पण बापूजी ढिगाकडंच पाहत होते. डोळ्यांत पाणी होतं.

“माह्या बापाच्या उकंड्यात,” ते एवढंच म्हणाले.

पंकजनं पाइप टाकला आणि तोंड दोन्ही हातांनी झाकलं. “आपल्या दिव्यानं पेटली, बाबा. एका दिव्यानं. अन् खदानीत त रोज ट्रॉल्या पडतीन. तिथं कोन पाहीन? कोनाची सोजरबाई येईन?”

“अवो, ऐकता का?” सोनाबाई म्हणाल्या. सकाळपासून पहिल्यांदा त्या नवऱ्याशी थेट बोलल्या. “खदान द्याची नाई. मी म्हटलं होतं का द्या म्हणून?”

“नाई,” बापूजी म्हणाले. “मीनल म्हणत होती.”

आणि अशा वेळीही मीनलला हसू फुटलं. मग चंचलला. मग सोजरबाईलाही.

सोनाबाईंनी सोजरबाईला हाताला धरून पुढच्या ओसरीत नेलं. इतकी वर्षं ती मागच्या फाटकावरून डबा घेऊन गेली होती, ओसरीत ती आज पहिल्यांदा बसली. मीनलनं तिच्या मनगटावर कोरफडीचा गर लावला आणि लावता लावता तिचा हात आपल्या कपाळाला टेकवला.

“तुमी आल्या नसत्या त आमचं गोकुळ जळालं असतं, सोजरबाई. कसे उपकार फेडाचे तुमचे, सांगा.”

“उपकार कायचे, बाई? शेव खाऊ घाला, माहा डबा फुटला.”

शेव आली, चहा आला. ठेकेदाराला नाही म्हणायचं हे ठरलंच होतं, पण बापूजींचं समाधान झालेलं दिसेना.

“नाई म्हणून हात झटकणं सोपं हाय,” ते म्हणाले. “चंचल दुपारी बोलली थे खोटं नाई. बल्दियानं कचरा टाकाचा कुठं? आपून नाई म्हटलं त थो ठेकेदार दुसऱ्या कोनाची खदान पाहीन, दुसऱ्या कोनाच्या इहिरीवर.”

मग पंकजच बोलला, कपातल्या चहाकडं पाहत.

“ट्रॉली जड होते थे ओल्यानं, बाबा. बाजारातला भाजीपाला, हॉटेलचं खरकटं. पन्नीले वजन नाई. बाजारातलं ओलं जर इथंच उतरलं, लांब न्यालेच नाई लागलं, त यार्डाच्या खेपा लय कमी होतीन. डिझेल वाचन बल्दियाचं.”

“म्हणजे आजेसासरे करत होते तेच,” मीनल म्हणाली.

“तवा पन्न्या नव्हत्या न,” सोजरबाई म्हणाली. “आता निवडा लागते. आमाले मजुरीचा रोज भेटते थो उचलाचा, निवडाचा नाई. फुकटात निवडा म्हणसान त मी आत्ताच सांगतो, आमच्या बाया नाई करणार. मीबी नाई.”

“फुकटात कोन म्हणते?” मीनल म्हणाली. “इतकं खत झालं त युरियाच्या थैल्या कमी लागतीन आपल्याले. त्याच्यातून निवडाचा रोज आपून देऊ, बाकीचा बल्दियानं द्यावं डिझेलाच्या बचतीतून. आपल्यानं सारं नाई होणार, शेजारचे मळेवाले बी घेतीन ओलं. उद्या नागसेनभाऊले फराळाले बोलवा. कसं बसवता येते थे तेच सांगतीन.”

“चालन का असं?” चंचलनं विचारलं.

“कोनाले मालूम?” पंकज म्हणाला. “बल्दिया हाय थे. पण इचारू त. लोकं पन्नीतच बांधून देतीन आंधी, हे बी सांगून ठेवतो.”

“भैंशात माह्या गल्लीपासून मी सुरू करतो,” चंचल म्हणाली. दुपारी हीच भावाच्या बाजूनं बसली होती, पण मीनलनं ते काढलं नाही. दिवाळी होती.

बापूजी उठले. “दिवा राह्यला,” ते म्हणाले.

पंकज न सांगता पुढं झाला. बॅटरीच्या उजेडात तो ढिगाशी गुडघे टेकून बसला आणि ओल्या, काळ्या शेणातून एकेक पन्नी हातानं वेचून बाजूला टाकू लागला. मीनल त्याच्या शेजारी बसली. मग चंचल. सोजरबाईला सोनाबाईंनी मुळीच हात लावू दिला नाही. सगळा ढीग काही साफ झाला नाही, त्याला आठवडा लागला असता. पण एका बाजूला पाटाएवढी जागा निघाली, खालचं जुनं, भुसभुशीत खत दिसेपर्यंत. पंकजनं ते चिमटीत घेतलं, वास घेतला आणि काही न बोलता मीनलच्या तळहातावर ठेवलं. पावसाळ्यातल्या वांग्याच्या वाफ्यासारखा वास होता. तिनं मूठ मिटली.

बापूजींनी नवा दिवा पेटवला आणि सोजरबाईपुढं धरला.

“मी?” ती मागं सरकली. “नाई बापूजी, घरच्या माणसानं ठेवाचा असते.”

“साऱ्या गावाचा उकंडा तू उचलते, सोजर. माहा बाप उचलत होता. त्याच्यानंतर या घरात कोनी उचलला नाई, आमी नुसते दिवे लावत राह्यलो. घे.”

सोजरबाईनं पदर डोक्यावर घेतला, चांगल्या हातानं दिवा घेतला आणि मोकळ्या जागेत ठेवला. तिचे ओठ हलले. काय म्हणाली ते कोणाला ऐकू आलं नाही. सोनाबाईंनी आधी उकंड्याला हळदीकुंकू वाहिलं आणि मग तेच बोट सोजरबाईच्या कपाळाला लावलं.

सवयीनं सगळे वळले.

“थांबा,” बापूजी म्हणाले. “आजपासून मागं पाहाचं.”

मग सगळे पुन्हा वळले आणि उभे राहिले. वारा होता, ज्योत एकदा आडवी झाली, पुन्हा सरळ झाली. पंकज पाइप हातात धरून होता. मीनलनं मुठीतलं खत अजून टाकलं नव्हतं. तेल संपत आलं तरी कोणी जागचं हललं नाही. दिवा जळत होता, आणि दिव्याशिवाय काही जळत नव्हतं.